बेंगळुरूची तळी आणि हरवलेली ओल

बेंगळुरूत नळाचं पाणी आलं ते 1896 साली. त्याआधी वीसेक वर्षं, 1876 ते 1878 च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थानाची पार दैना केली होती. त्या दुष्काळात शहराची तळी आटली आणि नुसत्या पावसावर विसंबून राहणारं शहर किती उघडं पडतं, ते राज्यकर्त्यांना कळून चुकलं. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारभारात शहराच्या वायव्येला, अठरा-वीस किलोमीटरवर हेसरघट्टा इथे अर्कावती नदीचं पाणी अडवलं गेलं, वाफेच्या इंजिनांनी ते चढवून शहरात आणलं गेलं आणि महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावावरून योजनेला चामराजेंद्र वॉटर वर्क्स हे नाव पडलं. लोकांच्या दृष्टीने ही सोन्याची गोष्ट होती आणि तिला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. तरीही बेंगळुरूच्या उन्हाळ्याचा इतिहास लिहायचा झाला, तर तो 1896 पासून लिहावा लागेल, असं माझं म्हणणं आहे. एप्रिल 2016 मध्ये तिथल्या वेधशाळेत 39.2 अंशांची नोंद झाली, 28 एप्रिल 2024 ला पारा 38.5 वर गेला, आणि पंख्याविना घर चालतं अशी ज्या शहराची ख्याती होती तिथे वातानुकूलन यंत्रं बसवायला रांगा लागल्या. असं का झालं, याचं उत्तर देताना सगळे जण बुजवलेल्या तळ्यांकडे बोट दाखवतात. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. शहराचा गारवा तळ्यातल्या पाण्यात जेवढा होता, त्याहून अधिक त्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीत होता. ती जमीन शहराने तळ्यांच्याही आधी गमावायला सुरुवात केली, आणि त्याचं मूळ नळाच्या तोटीत आहे.

आधी हे लक्षात घेतलं पाहिजे की बेंगळुरूची तळी निसर्गाने दिलेली नाहीत. समुद्रसपाटीपासून साधारण 920 मीटर उंचीवर, एका लांबोळ्या उंचवट्याच्या पाठीवर हे शहर वसलं आहे. जवळून बारमाही नदी वाहत नाही. उंचवट्यावर पडलेला पाऊस हेब्बाळ, कोरमंगला-चळ्ळघट्टा आणि वृषभावती अशा तीन खोऱ्यांतून उतरतो आणि निघून जातो. तो थांबवायचा तर माणसालाच हात घालावा लागतो. या परिसरात तळी बांधल्याचे, दुरुस्त केल्याचे, त्यांसाठी जमिनी दान दिल्याचे शिलालेख शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत. केंपेगौडाने 1537 मध्ये पेठ वसवली तेव्हा त्याने काही नवी कला आणली नाही, चालत आलेली कला शहराच्या कामाला लावली. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही त्या पेठेभोवतीची तळी. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणं घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे जवळजवळ अर्धशतक, तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते चिक्कदेवराज वडियारांकडे जाईपर्यंत, भोसल्यांचा अंमल या तळ्यांच्या काठावर होता. राज्यं बदलली तरी तळी राहिली, कारण प्रत्येक राज्यकर्त्याला साऱ्याची गरज होती आणि ओलिताखालची जमीन कोरडवाहूपेक्षा कितीतरी जास्त सारा देत असे. म्हैसूरचा मुख्य इंजिनीयर रिचर्ड सँकी याने 1866 मध्ये लिहून ठेवलं होतं की संस्थानाचा साठेक टक्के मुलूख तळ्यांच्या जाळ्याखाली आलेला आहे आणि आता नव्या तळ्यासाठी जागा हुडकायची तर कसब लागेल. गंमत अशी की बेंगळुरूत 1882 साली झालेल्या एका नव्या तळ्याला त्याचंच नाव आहे.

हे जाळं चालायचं कसं, ते नीट पाहणं गरजेचं आहे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. खोऱ्याच्या उतारावर मातीचा आडवा बांध घातला की मागे पाणी साठतं. बांधात दगडी तूबु, म्हणजे पाणी सोडायची मोरी, असते. दट्ट्या वर उचलला की पाणी पाटात उतरतं. बांधाच्या एका टोकाला कोडी, म्हणजे सांडवा. तळं भरलं की कोडीवरून वाहिलेलं पाणी राजकालुवे नावाच्या ओढ्यातून खालच्या तळ्याला मिळतं, ते भरलं की त्याच्या खालच्याला. असं एकाखाली एक, माळेत. तूबु कधी उघडायचा, कोणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी द्यायचं, हे नीरगंटी ठरवायचा. तो गावाचा नेमलेला माणूस, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा, आणि त्याचा मोबदला धान्यात मिळायचा. बांधाच्या खाली भात, त्यालगत भाजीपाला, पानमळे, नारळ. बांधाच्या वर, पाणी ओसरत जाईल तसा उघडा पडणारा गाळपेराचा आणि चराईचा पट्टा. आजूबाजूला उघड्या विहिरी, ज्यांना तळ्याच्या पाझरामुळे उन्हाळ्यातही हातभर खोलीवर पाणी लागायचं. म्हणजे तळं ही एक वस्तू नव्हतीच. तो पाण्याचा एक तुकडा, त्याच्या कितीतरी पट ओली जमीन आणि त्या दोहोंना सांभाळणारी माणसं असा सगळा मिळून एक व्यवहार होता. नकाशावर मात्र त्यातला निळा तुकडाच दाखवला जातो. आजचे सगळे वाद आपण त्या निळ्या तुकड्यावरच घालतो.

आता या व्यवहाराचा हवेशी संबंध काय, तो हिशेबाने पाहू. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता पाणी भोवतालातून घेतं. एका लिटरमागे हा आकडा जवळजवळ 24 लाख ज्यूल इतका पडतो. कोरड्या महिन्यांत ओल्या शेतातून किंवा तळ्याच्या पृष्ठावरून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर एका एकरातून सुमारे 20 हजार लिटर पाण्याची वाफ होते. त्यासाठी खर्ची पडणारी उष्णता विजेच्या भाषेत साडेतेरा हजार युनिट भरते. दीड टनाचं एक वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालवलं तर ते खोलीतून 125 युनिटांच्या आसपास उष्णता उपसतं. म्हणजे एक ओलं एकर अशा शंभराहून अधिक यंत्रांचं काम करतं. शिवाय यंत्र ही उष्णता खिडकीबाहेर गल्लीत फेकतं, वर वीज जाळून तीत भर घालतं. शेत तसं काही करत नाही. तेच एकर डांबर-काँक्रीटखाली गेलं की हा खर्च शून्यावर येतो. ऊन तेवढंच पडतं, पण ते वाफेत जिरण्याऐवजी फरशी, भिंत, रस्ता तापवण्यात जातं, आणि रात्री तो साठा हळूहळू हवेत उतरतो. शहर आसपासच्या गावांपेक्षा गरम असतं, आणि विशेषतः रात्री, ही गोष्ट लंडनमध्ये ल्यूक हॉवर्डने तापमापक घेऊन वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींवरून 1818 पासून छापून आलेली आहे. तिच्यात बेंगळुरूचं वेगळेपण काही नाही.

इथे एक जाणकार आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. बेंगळुरूची तळी पावसाळी होती. चैत्र-वैशाखात, ऐन उन्हाच्या दिवसांत, त्यातली कित्येक तळाला गेलेली किंवा पुरती कोरडी असत. लोक त्यांत गुरं चारत, गाळ काढत, विटांसाठी माती नेत. मग जेव्हा गारव्याची खरी गरज तेव्हाच तळ्यात पाणी नसेल, तर त्यांनी शहर थंड ठेवलं हे म्हणणं टिकतं कसं? टिकत नाही, जर आपण फक्त निळा तुकडा पाहत असू तर. पण वर सांगितलेला पाझर ध्यानात घेतला की आक्षेपच उलटा पुरावा होतो. तळ्यातलं पाणी आटलं तरी त्याने पावसाळ्यात आणि नंतर चार-पाच महिने जमिनीत मुरवलेलं पाणी विहिरींत असायचं, आणि मळेकरी एप्रिलमध्येही त्या विहिरींवर मोट लावून भाजी काढायचे. झाडांची मुळं त्याच पाण्यापर्यंत पोचलेली असायची. तळं हे मुख्यतः ओल पेरण्याचं साधन होतं. उन्हाळ्यातला गारवा त्या पेरणीचं पीक होतं, आणि ते तळ्यात नव्हे, मळ्यांत आणि झाडांखाली कापलं जायचं.

1896 नंतर काय झालं ते आता कळू शकेल. नळ आल्यावर पिण्याच्या पाण्यासाठी शहराला तळ्याची गरज उरली नाही. ही सुटका होती, पण तिच्याबरोबर तळ्याकडे लक्ष ठेवण्याचं सर्वांत मोठं कारणही गेलं. जोवर पेठेतला सावकार आणि छावणीतला साहेब तळ्याचं पाणी पितात, तोवर त्यात घाण सोडणाऱ्याला कोणी सोडत नाही. ते पिणं थांबलं की तळं फक्त मळेकऱ्यांचं, कुंभार-विटकऱ्यांचं, धोब्यांचं, गुराख्यांचं राहतं. म्हणजे ज्यांचं म्हणणं कचेरीत ऐकलं जात नाही अशांचं. संपंगी तळ्याची हकिगत या बाबतीत उघड बोलते. पेठ आणि ब्रिटिश छावणी यांच्या मधोमध ते होतं. हरिणी नागेंद्र, हिता उन्नीकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी दप्तरं धुंडाळून तिचा छडा लावला आहे. तळ्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवणाऱ्या मळेकऱ्यांना पाणी साठलेलं हवं होतं. भोवती बंगले बांधून राहिलेल्यांना दमटपणा, वास, डास नको होते, आणि मोकळं पटांगण हवं होतं. विटा पाडण्यावर बंधनं आली, पाण्याची पातळी हा वादाचा विषय झाला, आणि दर खेपेला निकाल कोणाच्या बाजूने लागला ते सांगायला नको. 1930 च्या दशकापर्यंत तळं जवळपास संपलं होतं. आज तिथे कंठीरवा स्टेडियम आहे. एक लहानसं चौकोनी कुंड मात्र राहिलं आहे. तेही का, तर चैत्र पौर्णिमेच्या करगा उत्सवात तिगळ समाजाच्या विधींना त्या पाण्याची गरज लागते म्हणून. हे तिगळ म्हणजे शहराचे परंपरागत मळेकरी. तळं, मळे, विहिरी सगळं गेलं, आणि त्या व्यवहारातला फक्त देवाचा वाटा शिल्लक राहिला.

बंगलेवाल्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. 1898 मध्ये शहरात प्लेग आला होता आणि माणसं पटापट मरताना ज्यांनी पाहिली, त्यांनी साचलेल्या पाण्याकडे संशयाने पाहणं स्वाभाविक होतं. पुढची कित्येक दशकं तळी फोडण्याचं, त्यांतलं पाणी काढून देण्याचं कारण म्हणून हिवतापाचं नाव घेतलं गेलं. आजचा वाचक विचारेल की मुलं तापाने मरत असताना गारव्याची चैन कोणाला हवी होती? प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात एक गाळलेली ओळ आहे. भारतीय शहरांत हिवताप पसरवणारा मुख्य डास, अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी, विहिरी, हौद, टाक्या अशा स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईत डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात बोट ठेवलं होतं ते घरोघरच्या विहिरींवर. मासे असलेलं, वाऱ्याने हलणारं मोठं तळं त्या डासाला फारसं मानवत नाही. आणि तळं बुजवून तिथे इमारती आल्या की छपरावरच्या उघड्या टाक्याही आल्याच. तळ्याच्या काठाची दलदल, त्यातली पाणवनस्पती यांतून डास होतातच, हे खरं. पण ती साफ करायला तळं संपवावं लागत नाही. रोगाची भीती खरी होती, औषध मात्र बरंचसं सोयीने निवडलेलं होतं, असं मला वाटतं. कारण बुजवलेली जमीन नेहमीच शहराच्या मध्यात, सपाट आणि सरकारी मालकीची असायची.

स्वातंत्र्यानंतरचा भाग अधिक परिचित आहे, म्हणून भराभर सांगतो. 1941 ते 1951 या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली, सरकारी कारखाने आले, वसाहती पसरल्या. धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचा बसतळ उभा राहिला. शूळे तळ्यावर फुटबॉलचं मैदान, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकीचं, चळ्ळघट्टाला गोल्फचं, आणि कोरमंगलाच्या तळ्यावर राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली वसाहत. या शहराला खेळाची एवढी आवड असावी याचं कौतुकच करायला हवं! पण इथेही क्रम पाहावा: यांतल्या बहुतेक तळ्यांवर बांधकाम आलं ते आधी त्यांच्या खालचे मळे उठून तिथे भूखंड पडल्यावर. मळे गेले की तूबु उघडायला कोणी राहत नाही. तूबु बंद, नीरगंटी बेकार, राजकालुवे अतिक्रमणात किंवा गटारात गेलेलं. वर्षभरात ना पाणी येतं ना जातं, आणि मग सरकारी शेरा पडतो की तळं निकामी झालं आहे. निकामी जमीन कोणाला तरी द्यायचीच असते. 1974 मध्ये शंभरेक किलोमीटरवरून, पाचशे मीटर चढ चढवून, कावेरीचं पाणी शहरात आलं आणि तळ्यांशी उरलंसुरलं नातं सांगणाराही कोणी राहिला नाही. 1985 मध्ये एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिने यापुढे तळी फोडू नयेत, असलेली राखावीत असं बजावलं, आणि त्यामुळे काही तळी वाचली. त्याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण वाचवायची ती तळी; त्यांखालची ओलिताची जमीन तेव्हाही कोणाच्या यादीत नव्हती, कारण ती खाजगी मालकीची शेतजमीन होती आणि तिचं बिगरशेती होणं म्हणजे प्रगती असं सर्वमान्य होतं.

याचा परिणाम किती झाला? इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांवरून काढलेला हिशेब असा, की 1973 पासूनच्या चार दशकांत बांधीव क्षेत्र 584 टक्क्यांनी वाढलं, वनस्पतींचं आच्छादन 66 टक्क्यांनी आणि पाण्याखालचं क्षेत्र 74 टक्क्यांनी घटलं. बातम्यांत यातला तिसरा आकडा गाजतो. माझ्या मते महत्त्वाचा आकडा दुसरा आहे, कारण शहराच्या एकूण क्षेत्रात पाणी नेहमीच थोडं होतं. झाडं, मळे, बागा यांनी व्यापलेली जमीन त्याच्या कितीतरी पट होती. झाडाचं काम काय असतं त्याचा मोजून घेतलेला पुरावा याच शहरातला आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लायोनेल वैलशेरी, मधुमिता जगनमोहन आणि हरिणी नागेंद्र यांनी रस्त्यांचे झाडं असलेले आणि नसलेले तुकडे ताडून पाहिले. झाडांखालची हवा 5.6 अंशांपर्यंत थंड भरली, आणि डांबराच्या पृष्ठभागातला फरक 27.5 अंशांपर्यंत गेला. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकाच उन्हात. उपग्रह जमिनीच्या पृष्ठाचं तापमान मोजतो, माणूस हवेत राहतो, तेव्हा उपग्रहाचे आकडे फुगवलेले वाटतात असा एक आक्षेप आहे. तो रास्त आहे. तापलेल्या छपराचे आकडे हवेला लावता येत नाहीत. म्हणूनच रस्त्यावर उभं राहून हवा मोजणाऱ्या या अभ्यासाला मी अधिक मान देतो.

दुसरा आक्षेप असा की शहर थंड होतं ते उंचीमुळे, तळ्यांचं उगाच माहात्म्य सांगू नये. हे अर्धं कबूल करायला हरकत नाही. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर 920 मीटरची उंची सहा अंशांचा फरक देते, आणि त्याच अक्षांशावरच्या चेन्नईपेक्षा बेंगळुरू सुखाचं वाटतं ते बहुतांशी त्यामुळेच. पण ती उंची 1973 मध्ये जेवढी होती तेवढीच आज आहे. जे बदललं नाही त्याने बदलाचा उलगडा होत नाही. जागतिक तापमानवाढीचं तसं नाही. ती बदलते आहे आणि बेंगळुरूच्या वाट्यालाही येते आहे. पृथ्वीची सरासरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सव्वा अंशाच्या आसपास वर गेली आहे. हे ओझं शहराच्या पदरी बाहेरून आलेलं, आणि ते कमी करणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही. नेमकं म्हणूनच पाच-पाच अंशांचे जे फरक दोन रस्त्यांत पडतात त्यांचं मोल वाढतं. सगळं खापर हवामानबदलावर फोडणं महापालिकेला सोयीचं असेल, पण रस्त्यारस्त्यातला फरक त्याने समजत नाही.

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. आज बेंगळुरूतली कित्येक तळी एप्रिलमध्ये पूर्वीपेक्षा जास्त भरलेली असतात. याचं कारण कावेरी. शहरात शेकडो कोटी लिटर पाणी वर चढतं, घराघरांतून मैलापाणी होऊन राजकालुव्यांत उतरतं आणि तळ्यांत साचतं. जी तळी पूर्वी पावसाळी होती ती सांडपाण्याने बारमाही झाली. नऊशेक एकरांचं बेल्लंदूर तळं हे त्याचं ढळढळीत उदाहरण. 2015 पासून त्याच्यावर फेसाचे डोंगर दिसले, 2017 च्या फेब्रुवारीत आणि 2018 च्या जानेवारीत ते पेटलं. तळं पाण्याने भरलेलं आहे आणि भोवतालची वस्ती तापलेली आहे, असं दृश्य रोज दिसत असताना तळ्याने गारवा येतो असं कसं म्हणावं? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2014 मध्ये त्यांच्या शहरांच्या नोंदी तपासून आणखी पुढचं सांगितलं: उघडं पाणी दिवसाची उष्णता साठवून ठेवतं आणि रात्री, जेव्हा शहर गावापेक्षा सर्वाधिक गरम असतं तेव्हा, गारवा देण्याऐवजी ऊबच देतं. ती शहरं थंड प्रदेशातली, पाणी खोल कालव्यांचं, तरी तत्त्व सगळीकडे लागू आहे. हे निष्कर्ष तळ्यांच्या कैवाऱ्यांना गैरसोयीचे वाटतात. मला मात्र ते बेंगळुरूच्या इतिहासाशी जुळणारे वाटतात. साठून राहिलेलं पाणी आणि जमिनीत, मुळांत, पानांत फिरत राहणारं पाणी यांचा हवेवरचा परिणाम सारखा नसतो. जुन्या व्यवस्थेत तळं भरायचं ते रिकामं होण्यासाठी. तूबु उघडून ते पाणी पाचपट-दहापट जमिनीवर पसरायचं, आणि पानांतून बाष्प व्हायचं. आज ते बंद कढईत राहतं. दमट हवेने उकाडा वाढेल ही शंकाही इथेच निकालात काढता येते: बेंगळुरूच्या एप्रिलमधली दुपार कोरडी असते, आणि कोरड्या हवेत बाष्पीभवन खरोखर थंडावा देतं. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्यामागचं कारण हेच आहे. म्हणून बेंगळुरूबद्दल जे खरं आहे ते मुंबईला जसंच्या तसं लावू नये. पुण्याला, नागपूरला, सोलापूरला लावायला हरकत नाही.

एवढं मान्य केलं तर सध्याच्या तळे-सुशोभीकरणाकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. गाळ उपसायचा, कडेने दगडी पिचिंग, वर फेरीची पायवाट, तारेचं कुंपण, मधे एखादं बेट आणि रात्री रंगीत दिवे, हा ठरलेला साचा आहे. त्याने सकाळी फिरणाऱ्यांची सोय होते आणि अतिक्रमण अडतं, हे छोटं काम नाही. पण कडा बांधून काढल्याने पाझर कमी होतो, भोवतालचा ओला पट्टा नाहीसा होतो, आणि गारव्याच्या हिशेबात आपण पुन्हा कढईच घडवतो. याला उतारा म्हणून जक्कूर तळ्याकडे पाहावं. तिथे सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रातून, मग तळ्याच्या तोंडाशी राखलेल्या पाणगवताच्या दलदलीतून जातं आणि तेव्हा कुठे तळ्यात उतरतं; मासेमारी चालते, आणि आसपासच्या विहिरी-कूपनलिकांना पाणी लागतं. तळं तिथे पुन्हा व्यवहार झालं आहे. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बेंगळुरूच्या तळ्यांभोवती 75 मीटर मोकळा पट्टा ठेवायचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो रद्द केला. आराखड्यात कायद्याने ठरलेलं अंतर लवादाला असं बदलता येत नाही, हा त्याचा आधार होता. कायद्याच्या अंगाने तो निकाल बरोबर असेल. मग अंतर बदलण्याचं काम आराखडा करणाऱ्यांवर येतं, आणि ते त्यांनी केलेलं नाही.

शहराला घरं हवीत, जमीन मर्यादित आहे, 1973 चे मळे परत आणता येणार नाहीत, हा शेवटचा आक्षेप निर्विवाद आहे. मळे परत येणार नाहीत. पण मळ्यांचं काम करणारी जमीन येऊ शकते. तळ्याच्या बांधाखालची जी थोडी मोकळी जागा उरली आहे तिच्यात झाडं आणि बागा, त्यांना तूबुतून किंवा पंपाने तळ्याचं शुद्ध केलेलं पाणी, राजकालुव्यांच्या काँक्रीटच्या भिंतींऐवजी मातीचे काठ, हे काही स्वप्नातलं नाही, खर्चाचंही नाही. पाणी तर आहेच. 2018 पासून बेंगळुरूचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोरमंगला-चळ्ळघट्टा खोऱ्यातून उपसून कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडलं जातं. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली ती तळी भरली, विहिरींची पातळी वर आली आणि बांधाखाली पुन्हा हिरवं दिसू लागलं. त्या पाण्याच्या शुद्धतेबद्दल वाद आहेत आणि ते चालावेत. पण ज्या खोऱ्याचं पाणी साठ किलोमीटर नेऊन कोलारची जमीन ओली होते, त्या खोऱ्यातली स्वतःची जमीन कोरडी ठेवायचं कारण कोणी दिलेलं नाही. सप्टेंबर 2022 च्या पुरात बेल्लंदूरच्या परिसरातल्या वसाहती बुडाल्या तेव्हा महापालिकेने जुने गावनकाशे बाहेर काढले आणि कुठून राजकालुवे वाहत होते ते शोधून बांधकामं पाडायला घेतली. त्याच नकाशांवर प्रत्येक तळ्याखालच्या ओलिताच्या जमिनीच्या रेघाही आखलेल्या आहेत. पाणी घरात शिरल्यावर ते नकाशे उघडता आले, तर ऊन घरात शिरत असतानाही उघडावेत, आणि पुढच्या शहर आराखड्यात तळ्याच्या हद्दीबरोबर त्या रेघाही उतरवाव्यात.